उताराचा रकाना

गेल्या आठवड्यात वारा फिरला. बहरीनमध्ये ऋतू असाच बदलतो, एका सकाळी. सहा महिने दारे-खिडक्या लावून एसीच्या घरघरीत काढलेली माणसे त्या सकाळी गॅलरीत येतात आणि काही क्षण नुसती उभी राहतात. सनाबिसमधील आमच्या इमारतीसमोर वाळत घातलेले कपडे आदल्या दिवसापर्यंत दोरीवर निमूट लोंबत होते. त्या सकाळी ते सगळे एका दिशेला उडू लागले. मी भिंतीवरची सायकल खाली काढली. साखळी पुसली, तेल दिले, चाके फिरवून पाहिली.

"झाला का सुरू तुमचा हंगाम?" स्वयंपाकघरातून सुशीलाने, माझ्या पत्नीने विचारले.

"झाला."

"यंदा कुणाबरोबर?"

"एकटाच."

"बरं आहे. सूचना ऐकायला कुणी नाही म्हणजे रस्त्यावर शांतता."

मी चाकांत हवा भरू लागलो.

या देशात पेरणी दिसत नाही, सुगी दिसत नाही. म्हणून ज्याने त्याने आपापला हंगाम ठरवून घेतलेला असतो. मुलांच्या परीक्षा हा कुणाचा हंगाम, रजेवर गावी जाणे हा कुणाचा, वाळवंटात तंबू ठोकून राहणे हा इथल्या अरबांचा. माझा हंगाम सायकलचा. ऑक्टोबरच्या अखेरीस तो सुरू होतो आणि एप्रिलमध्ये उन्हाने संपतो. असे वीसएक हंगाम मी पाहिले. बहुतेक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. चार वर्षांपूर्वीचा तेवढा वेगळा राहिला, कारण त्याचा शेवट बहरीनमध्ये झाला नाही.

मी मूळचा जळगाव जिल्ह्यातला. काळ्या मातीचा, केळीच्या बागांचा, सपाट मुलूख. तिथून निघालो तो आणखी सपाट देशात येऊन पोचलो. कारखान्याच्या देखभाल विभागात यंत्रे चालू ठेवणे हे माझे काम होते. निवृत्तीनंतर एका लहान वर्कशॉपमध्ये सल्लागार म्हणून राहिलो, म्हणून व्हिसा टिकला. कारखान्यात रेने नावाचा एक फ्रेंच अभियंता माझा वरिष्ठ होता. तो निवृत्त होऊन फ्रान्सच्या दक्षिणेला आर्देश नावाच्या डोंगराळ भागात आपल्या गावी परतला. त्याच्या गावातील सायकलस्वारांची मंडळी दर जूनमध्ये तीन दिवसांची फेरी काढीत. तीन दिवस, तीन खिंडी, तीन घाट. रेनेने मला बोलावले आणि पत्रात एक वाक्य मुद्दाम लिहिले: बहरीनचा माणूस आमच्या पहिल्या चढावरच सायकलवरून उतरून पायी चालू लागेल.

मला असे लिहू नये, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच त्याने लिहिले.

फेरीचे नियम दोन. संध्याकाळी पाचपर्यंत त्या दिवशीच्या मुक्कामाच्या गावी पोचायचे. मागे राहिलेल्यांना पाच वाजता रेनेची व्हॅन उचलून नेणार. दुसरा नियम असा की जोडीने निघायचे आणि जोडीने पोचायचे. जोडीतील एक जण व्हॅनमध्ये बसला तर दुसऱ्यानेही बसायचे. पूर्वी कधीतरी एकटाच मागे राहिलेला माणूस बराच वेळ खड्ड्यात पडून होता आणि कुणाच्या लक्षातही आले नव्हते. तेव्हापासून हा नियम. मला तो पटला. मला जोडीदार हवा होता.

परब ईसा टाउनमधील शाळेची बस चालवीत. माझी मुलगी अकरा वर्षे त्यांच्या बसने गेली आणि एकदाही बस पाच मिनिटांहून अधिक उशिरा आली नाही, एवढीच आमची मूळ ओळख. कणकवलीकडचा, सडपातळ, साठीला आलेला माणूस. पहाटे खोलीवरून बसच्या तळापर्यंत जाण्यासाठी त्यांच्याकडे एक साधी सायकल होती. एका हंगामात मी त्यांना माझी जुनी शर्यतीची सायकल दिली. दर शुक्रवारी ते माझ्याबरोबर सखीरच्या रस्त्याला येऊ लागले. ते मला साहेब म्हणत. नको म्हटले तरी म्हणत. पुढे मीही नको म्हणणे सोडून दिले, आणि ती माझी चूक होती, हे आता लिहिण्यास हरकत नाही.

त्यांना फ्रान्सविषयी विचारले तेव्हा आम्ही सखीरजवळ एका टपरीवर करक, म्हणजे कडक दुधाळ चहा घेत होतो. त्यांचा व्हिसा जूनअखेर संपणार होता आणि कंपनी तो वाढवणार नव्हती.

"जूनात मी गावाक जातलंय, सायेब. कायमचो."

"त्याच्या आधी पंधरा दिवस चला. रेने सोय करतो आहे."

परबांनी पेला दोन्ही हातांनी धरला. "सत्तावीस वर्षा गाडी चालवलंय हयसर. गियर बदलूचो तो सिग्नलाक. वळाण म्हणजे रौंडाबौट." पेला खाली ठेवून म्हणाले, "येक घाट जर गावलो. सगळो. वरसून खालपर्यंत, आपल्या पायानी. येक पण वळाण चुकवूचा नाय."

"घाट तुमच्या गावाकडे आहेतच की."

"थय सायकल कोण चालवूक देतलो? घर आसा, कलमा आसत, देवळाची कामा आसत. लोक म्हणतले, परब बहरीनात गेलो आणि डोक्यान फिरान इलो."

मी त्यांना म्हटले, एक नव्हे, तीन घाट मिळतील. असे आश्वासन मी सहसा कुणाला देत नाही.

प्रश्न तयारीचा होता. या देशातला सर्वांत उंच डोंगर धुराचा डोंगर म्हणून ओळखला जातो आणि तो एवढा बुटका आहे की जवळून जातानाही तो डोंगर असल्याचे कुणी सांगावे लागते. चढ म्हणून जे काही आहे ते उड्डाणपूल. पण इथे वारा आहे. हिवाळ्यात वायव्येकडून येणारा शमाल दिवसेंदिवस वाहतो. दक्षिणेकडे वारा पाठीशी घेऊन जायचे आणि परतताना तो छातीवर घ्यायचा. मी चौकटींच्या कागदावर तक्ता आखला. वाऱ्याचा वेग इतका असेल तर तो इतक्या चढाबरोबर. म्हणजे अमुक तास वाऱ्यात काढले तर अमुक उंचीची खिंड चढल्यासारखे. वजन, अंतर, श्वास, नाडीचे ठोके, सगळ्याला रकाने होते. तक्ता चोख होता. आजही त्यातील एक आकडा बदलावा असे मला वाटत नाही.

त्या हिवाळ्यातील शुक्रवार मला वासाने आठवतात. खाऱ्या ओलसर वाऱ्याचा वास, आणि सखीरजवळ तेलाच्या विहिरींचा, नाकाच्या मागे रेंगाळणारा. पंप एकसारखे मान खाली-वर करीत असतात. शर्यतीच्या ट्रॅकवर सराव असला की गाड्यांचा आवाज दूरवरून येई आणि आपण किती सावकाश चाललो आहोत हे कळे. विद्यापीठाच्या भिंतीजवळ वाळू रस्त्यावर येऊन पसरलेली असे. दातांत वाळू. डोळ्यांच्या कडांत वाळू. पुढे मी, मागे परब, मध्ये एका हाताचे अंतर.

"वारो न्हय ह्यो, सायेब, घाटच आसा," परब मागून ओरडत.

"बोलू नका. श्वास जपा."

"श्वास आसा माझ्याकडे. तुमचो जपा."

सुशीलाला हा सारा प्रकार हास्यास्पद वाटत होता. ती एकदा म्हणाली, "फ्रान्सचे डोंगर चढणार, आणि चौथ्या मजल्याला लिफ्ट." तिचे म्हणणे रास्त होते. दुसऱ्या दिवसापासून मी सायकल खांद्यावर घेऊन जिन्याने चढू लागलो. हंगाम संपेपर्यंत एकदाही चुकवले नाही. खाली जाताना मात्र लिफ्टने जात असे. त्याचा सरावाशी काही संबंध आहे असे मला वाटले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आर्देशला पोचलो. त्या प्रदेशाविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण सौंदर्याचे वर्णन करण्याचा मला सराव नाही. डोंगर आहेत, उंच कमी, दाट अधिक. त्यांच्या उतारांवर चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत. ते बांध कुणी कधी घातले हे आता गावातही कुणाला ठाऊक नाही, पण ते उभे आहेत. चेस्टनटची जुनी झाडे, त्यांच्या सावलीत गारवा, आणि सावली संपली की पिवळ्या फुलांच्या झुडपांचा मधासारखा वास. हे सारे इतके हिरवे होते की पहिल्या दिवशी डोळे दुखले.

गावे डोंगराच्या खांद्यावर बसलेली. घरे काळ्या दगडाची, गल्ल्या बैलगाडीपुरत्या, चर्च घरांहून जुने. प्रत्येक गावात पाण्याचे एक दगडी कुंड आणि त्यावर छप्पर, जिथे पूर्वी बायका कपडे धूत. कुंडाच्या कडा धुण्याने झिजून गुळगुळीत झालेल्या. प्रत्येक गावात युद्धात मेलेल्यांचा एक दगड. दहा-बारा घरांच्या वस्तीतही तो होता आणि त्यावर एकाच आडनावाची चार-चार नावे. मी प्रत्येक ठिकाणी थांबून ती वाचली. परब हेल्मेट काढून उभे राहत.

"चिरो काळो सोडल्यास गाव आपलाच," ते एका ठिकाणी म्हणाले. "माणसा मुंबयक गेली आणि म्हातारी रवली, तसा."

तिथेच कुंडाजवळ एक वृद्धा सतरंजी झटकीत होती. तिने आमच्या सायकलींकडे बोट दाखवून बरेच काही सुनावले. परब मान डोलावून "व्हय, व्हय" म्हणत राहिले. ती समाधानाने आत गेली.

"काय म्हणाली?"

"काय म्हाइत? पण वयान मोठी आसा. व्हय म्हटल्यान आपला काय जाता?"

पहिल्या दिवशीचा चढ आम्ही चढलो. मी हे अभिमानाने लिहितो. वाऱ्याने आमची छाती तयार केली होती. एकसारखी गती, एकसारखा श्वास; वळणामागून वळण. आमच्याहून वीस वर्षांनी लहान असलेले चार फ्रेंच सायकलस्वार आम्ही मागे टाकले. खिंडीत पोचलो तेव्हा रेने व्हॅनला टेकून उभा होता. गुडघा गेल्यामुळे तो आता सायकल चालवीत नाही. त्याने घड्याळ पाहिले, मला पाहिले, आणि बहरीनमध्ये शिकलेले दोन-तीन अरबी शब्द त्याला अजून आठवत असल्यामुळे म्हणाला, "यल्ला," म्हणजे चला.

मी पाणी प्यालो, सायकलवर बसलो आणि रस्ता खाली जाऊ लागला.

पहिल्या वळणावर मला कळले की मी हे कधी केलेले नाही. बासष्ट किलोचा माणूस आणि नऊ किलोची सायकल उतारावर सोडली की तिसरी गोष्ट तयार होते, आणि तिचे काय करायचे हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हते. चढाचे रकाने होते. उताराचा रकाना नव्हता. सपाट देशात वर्षानुवर्षे सायकल चालवणारा माणूस चढाची धास्ती घेतो, कारण चढ त्याला वाऱ्यात भेटलेला असतो. उतार त्याला कुठेच भेटत नाही. तेव्हा उतार म्हणजे विश्रांती, असे तो गृहीत धरतो. मी गृहीत धरले. मी ब्रेक दाबले आणि दाबूनच ठेवले. डाव्या बाजूला दरी होती. मी तिच्याकडे पाहत होतो आणि सायकल तिच्याकडेच ओढली जात होती. बोटे बधिर झाली. अर्ध्या उतारावर पुढच्या चाकाची रिम इतकी तापली की ट्यूब फुटली. मी पडलो नाही. ट्यूब बदलली, पण त्या कामाला तिप्पट वेळ लागला. उरलेला उतार मी जवळजवळ चालण्याच्या वेगाने उतरलो. चढावर मागे टाकलेले चौघे आम्हाला ओलांडून गेले. त्यांनी सौजन्याने हात हलवला, ते मला रुचले नाही.

पाच वाजले. व्हॅन मागून आली. रेनेने खिडकीतून मान काढली.

"खलास?"

नियम नियम होता. मी बसलो, म्हणून परबांनाही बसावे लागले. त्यांनी हेल्मेट मांडीवर घेतले आणि खिडकीतून एकेक वळण बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. चढ चोख, उतारावर मी. मी स्वतःला आज्ञा देत होतो की ब्रेक सोड, आणि बोटे आज्ञा मानत नव्हती. असे माझ्या बाबतीत पूर्वी घडलेले नाही. शेवटचे चार किलोमीटर पुन्हा व्हॅन. दोन घाट गेले. मी ज्या माणसाला तीन घाट देऊ केले होते त्याचे दोन मी गमावले होते.

कारखान्यात यंत्र सुरू करण्याची एक रीत असते आणि बंद करण्याची दुसरी. नवशिक्यांना सुरू करण्याची रीत शिकण्याची घाई असते. मोठे अपघात बहुधा बंद करताना होतात. हे मी अनेकांना सांगितले. आमच्या विभागातील बंद करण्याच्या सूचना मीच लिहिल्या होत्या, अठरा पाने. ती पाने लिहिणारा माणूस दोन दिवस डोंगरावरून खाली येऊ शकला नाही. घाटावरून आयुष्याविषयी काही सिद्धान्त काढण्याची मला सवय नाही, तेव्हा तो मी काढत नाही. घडले ते एवढेच.

संध्याकाळी रेनेच्या घरामागे, भोपळ्यांच्या वेलांच्या वाफ्याजवळ, परब सायकली पुसत होते. माझी सायकल आधी. मी तिथे गेलो. दोन्ही उतारांवर ते माझ्यामागून सहज आले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

"परब, तुम्ही नोकरीला लागण्याआधी गावाकडे काय चालवत होता?"

"ट्रक. चिऱ्याचो. फोंडाघाटात."

"किती वर्षे?"

"सात."

ते रिम पुसत राहिले.

"मग तुम्हाला उतरायचे कसे, हे ठाऊक होते."

"व्हय."

"सबंध हंगामात एकदाही बोलला नाहीत."

"तुमी बोलूक दिलात खंय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "बोलू नका, श्वास जपा. अंतर ठेवा. पाणी आता नको, मगे. मी म्हटलंय, सायबान कागद केल्लो आसा म्हणजे सगळा त्येच्यात असतला. माका काय म्हाइत, तुमका खाली येवकच येणा नाय ता?"

हे खरे होते. बहरीनमध्ये हे असेच चालते. ज्याच्याकडे कागद त्याने बोलायचे, ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याने ऐकायचे. मी ती पद्धत नापसंत करीत आलो होतो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर साहेब लोकांपुढे गप्प बसणे सोसले. मी शिकलो तो त्या गप्प बसण्याला कंटाळून. आणि दर शुक्रवारी सकाळी, दोन सायकलींच्या त्या लहानशा कारखान्यात, मी तीच पद्धत चालवत होतो.

"उद्या तुम्ही सांगा. मी ऐकतो."

परबांनी फडके पिळले. "आवाज चढवीन हां मी. घाटात हळू बोलान भागणा नाय."

"चढवा."

तिसऱ्या दिवशीची खिंड सर्वांत उंच होती आणि तिच्यापलीकडचा उतार अठरा किलोमीटरांचा. चढाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तो आम्ही चढलो. माथ्यावर गवत आखूड होते आणि हवा थंड. परबांनी माझी सायकल तपासली, हँडल खालून धरायला लावले, आणि शाळेच्या मुलांना बसमध्ये बसवताना ते जसे बोलत त्याच आवाजात बोलू लागले.

"ब्रेक वळणाच्या आदी. जोरात, पण थोडो. वळणात सोडूचो. वळणात ब्रेक धरल्यात तर चाक ऐकूचा नाय. भायलो पाय खाली. दरीकडे बघूचा नाय. जय बघश्यात थय गाडी जाता. रस्तो जय सपता थय बघा."

"समजले."

"समजला नाय. म्हणान दाखवा."

मी म्हणून दाखवले. अडुसष्टाव्या वर्षी, एका परक्या डोंगरावर, धडा म्हणून दाखवला. एक शब्द चुकला. त्यांनी तो दुरुस्त करून घेतला.

पहिली सहा वळणे मी त्यांच्या मागून उतरलो. त्यांच्या मागच्या चाकाखेरीज कुठे पाहायचे नाही, असा हुकूम होता. ते ब्रेक धरत तेव्हा मी धरला, सोडत तेव्हा सोडला. "सोड. सोड. सोडा म्हटलंय मा," असे ते मागे न बघता ओरडत, त्यात एकदा अरे-तुरेही झाले. सातव्या वळणावर माझ्या बोटांनी प्रथमच आज्ञा मानली. दहाव्यावर मला कळले की वळणात शिरताना भीती असते ती वळणाआधीच वापरून टाकायची, आत नेऊन तिचा उपयोग नाही. त्यापुढे एका सरळ पट्ट्यात परब बाजूला झाले आणि हाताने खूण केली.

"आता तुमी फुडे."

"तुम्ही?"

"मी इलंयच मागसून. थांबा नको. बघा नको माझ्याकडे."

मी पुढे गेलो. त्या अर्ध्या तासाविषयी मी फार बोलत नाही. चेस्टनटची सावली आणि ऊन चेहऱ्यावरून भराभर बदलत होते. ओढा आला की हवेचा एक थंड तुकडा लागे आणि क्षणात मागे जाई. एका गावातून गेलो ते काळ्या भिंतींच्या मधून, उघड्या खिडकीतल्या कांद्याच्या फोडणीतून, आणि पुन्हा डोंगरावर बाहेर. एका बांधावर बसलेल्या माणसाने हात वर केला. मी हात सोडू शकलो नाही, मान हलवली. मला उतरता येत होते. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

मुक्कामाच्या गावात पोचलो तेव्हा घड्याळात चार वीस झाले होते. चौकातल्या कुंडाशी सायकल टेकवली, तोंड धुतले आणि परबांची वाट पाहू लागलो. दोन मिनिटे, फार तर तीन.

साडेचार झाले. फ्रेंच मंडळी येऊन बाकांवर बसू लागली. चौघांपैकी एकाने विचारपूस केली. मी रस्त्याकडे बोट दाखवले. पावणेपाच झाले. मला पुढे काढून देणारा माणूस माझ्यामागे अठरा किलोमीटर उतारावर कुठेतरी होता आणि मी एकदाही वळून पाहिले नव्हते, कारण त्यानेच तसे बजावले होते. मी मनात वळणे आठवू लागलो. कोणत्या वळणावर खडी होती, कोणत्या वळणाला कठडा नव्हता. पाचला दहा कमी असताना मी सायकल पुन्हा हातात घेतली, वर जाण्यासाठी.

तेव्हा ते दिसले. गावाच्या वरच्या वळणावर, ताठ बसलेले, बैलगाडीच्या वेगाने येत. त्यांच्या मागे पन्नास पावलांवर रेनेची व्हॅन, वरातीमागे चालावी तशी. त्यांचे दोन्ही हात ब्रेकवर होते. वळण आले की ते आणखी हळू होत, डावीकडे दरीत बघत, उजवीकडे झाडांत बघत, आणि मग पुढे. चौकात ते आले तेव्हा पाचला चार मिनिटे होती.

"पडलात?"

"नाय."

"पंक्चर?"

"नाय ओ. ब्रेक धरून इलंय."

"तुम्हीच मला सांगितले की..."

"तुमका सांगितलंय," ते म्हणाले. "तुमका खाली पोचाक होया हुता. माझो घाट आज सपतलो."

त्यांचा चेहरा धुळीने आणि घामाने भरला होता. रेने व्हॅनमधून उतरला, आमच्याजवळून गेला आणि बाकांवरच्या मंडळींत जाऊन बसला. चर्चच्या घंटेने पाच ठोके दिले.

"वळणा एकूण चौऱ्याहत्तर," परब म्हणाले. "दोनदा मोजल्यासारखी बघितलंय."

मी माझी बाटली कुंडाच्या धारेखाली धरली, भरली आणि त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती डाव्या हाताने घेतली. उजवा हात त्यांनी सायकलवरून काढला नाही.